सैल सांधे

मुलुंडच्या त्या इमारतीत सातव्या मजल्यावर अक्षता पोहोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते. सुलक्षणाताई चपला घालूनच दार उघडायला आल्या. दोन ते सहा त्या स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात काम करायच्या.

"सासरे आत आहेत. मणका गेला ना त्यांचा, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. कमरेखाली काहीच नाही. व्यायाम द्यायला कोणी ठेवणं जमलंच नाही हो. पाय थोडे मोकळे होतात का बघा."

त्या गेल्या. खोलीत खोबरेल तेलाचा आणि बंद कपाटाचा वास होता. काशीराम गुरव उशीवर मान टेकून गॅलरीच्या दाराकडे बघत पडले होते.

फिजिओथेरपीची सात वर्षं अक्षताच्या बोटांत मुरली होती. दोन वर्षं न हललेला गुडघा हाताला कसा लागतो, ते तिला पाठ होतं. सांध्याभोवतीची पिशवी आवळते, अस्थिबंध आखडतात, आतलं वंगण आटतं. पाय लाकूड होतो. तिने एक हात टाचेखाली, एक गुडघ्यामागे घातला आणि हळूच उचललं.

गुडघा वाकला. पार टाच मांडीला लागेपर्यंत. दुसराही. घोटे, खुबे, सगळं मोकळं, तेल घातल्यासारखं.

तिने तळवे पाहिले. टाचांची कातडी जाड झाली होती, भेगाळली होती. रोज चालणाऱ्या माणसाची असते तशी.

"आजोबा, तुमचे पाय कोण हलवतं?"

म्हातारा मान वळवून तिच्याकडे बघू लागला. मग कुजबुजला, "चेडवा, सैल करू नको गो... आखडूंदेत. आखडले काय तो माका उठवचो नाय."

"तो कोण?"

"दिसणा नाय. सून गेली काय येता. एकेक सांधो वाकवन बघता... मगे उभो करता. पयलो दारापर्यंत नेल्यान. काल गॅलरीत. कठड्याक पोट लागला माझा."

"ताईंना सांगितलंत?"

"सांगलंय. म्हणता, भास होतत तुमका."

भासच, असं अक्षतानेही स्वतःला बजावलं. पण भासाने टाचांना घट्टे पडत नाहीत.

गुडघा सरळ ठेवणारे लांब पट्टे तिने बॅगेतून काढून दोन्ही पायांना करकचून बांधले. पाय मोकळे करायला आलेली ती, पाय जखडून मोकळी झाली. वर चादर घातली, गॅलरीच्या दाराला कडी लावली आणि खुर्ची पलंगाला भिडवून बसली.

"ताई येईपर्यंत मी इथेच आहे."

पंखा घरघरत होता. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं. ती सुरू झाली, गेली, आणि मग काहीच ऐकू येईना. पंखाही.

"इलो," काशीराम म्हणाले.

खोलीत कोणी आलं नव्हतं. चादरीखालून बारीकसा आवाज आला... कट्. घोट्याचा. मग खुब्याचा. आणि मग पट्ट्याचं वेल्क्रो सावकाश, चर्रर्र करत सुटू लागलं.

अक्षता खुर्चीतून उठली. खोलीचं दार चार पावलांवर होतं. पण म्हाताऱ्याने तिच्या ओढणीचं टोक मुठीत आवळलं होतं, आणि तो तिच्याकडे बघत होता. पाय दाबून धरायचा, एवढंच तिला सुचलं. तिने चादरीखाली हात घातला आणि सवयीने गुडघ्यामागच्या खळगीत तळवा सारला.

तिथे आधीच एक हात होता. गार, कोरडा, सरावलेला.

तो मागे गेला नाही. जरासा बाजूला सरकून त्याने तिच्या हाताला जागा करून दिली.