सुनेचा चष्मा, सासऱ्यांचा नंबर

टेबलावर आठ चष्मे होते. चार बरोबर, चार चुकलेले. चुकलेल्या चारांच्या फ्रेमवर ओरखडा नव्हता, काचा नीट बसल्या होत्या; नंबर तेवढा भलताच होता.

"कारागीरच मुद्दाम करतोय," दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या. "त्याला समोरच्या दुकानातून बोलावणं आलंय. जाता जाता माझं नाव घालवतोय. आजच काढून टाकते त्याला."

कारागीर दारातच उभा होता. "बाई, जायचं असतं तर तोंडावर सांगून गेलो असतो. कॉम्प्युटरवर दिसतो त्याच नंबरच्या काचा मी घासतो."

मालकीणबाईंनी बोलावलेल्या तरुण गुप्तहेर बाईने आठही चष्मे एकेक करून नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवले. तिचे मामा प्रत्येकाच्या नावापुढे आकडे लिहून घेत होते. अचानक ते थांबले.

"अगं, या सुनेच्या चष्म्याला सासऱ्यांचा नंबर! सून आता सासऱ्यांच्या नजरेनं बघणार म्हण की!"

"बाकीचे तीन, मामा?"

"दोन भावंडांना बापाचा. या नवऱ्याला बायकोचा."

"आणि हा आठवा, एकट्याने राहणाऱ्या मास्तरांचा?"

"त्यांचा बरोबर."

गुप्तहेर मालकीणबाईंकडे वळली. "नोंद करताना काय विचारता?"

"नाव आणि फोन. घरात एकच फोन असला तरी चालतो."

कॉम्प्युटरवरचा नोंदींचा प्रोग्राम मालकीणबाईंच्या जावयाने बनवला होता. तो ऐटीत म्हणाला, "एका खिडकीत ग्राहकांची यादी. नावावर दोनदा क्लिक करा, दुसऱ्या खिडकीत तपशील उघडतो."

"कोणाचा तपशील उघडायचा, हे त्याला कशावरून कळतं?"

"आपोआप."

"कशावरून?"

जावयाने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

गुप्तहेराने आधी स्वतःची नोंद केली, मग त्याच फोनवर मामांची.

"माझे डोळे ठणठणीत आहेत हं! शून्य लिही."

तिने शून्य लिहिलं, यादीत मामांच्या नावावर दोनदा क्लिक केलं. वर नाव मामांचं. खाली नंबर उणे साडेतीन.

"हा तर तुझा!" मामा ओरडले.

"वरचं नाव यादीतून येतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. खालचा तपशील मात्र फोनवरून शोधला जातो. एका फोनवर चार माणसं असली, तरी पहिली नोंद सापडली की शोध थांबतो. म्हणून घरात ज्याची नोंद पहिली, त्याचा चष्मा बरोबर. मागून आलेल्या सगळ्यांना त्याचाच नंबर. मास्तरांच्या फोनवर दुसरं कोणी नाही, म्हणून ते वाचले. कारागिराला चुकवायचंच असतं, तर त्याने प्रत्येक वेळी घरातलाच नंबर का निवडला असता?"

जावई पुटपुटला, "प्रत्येकाला वेगळा ग्राहक क्रमांक आहे खरा. मला वाटलं, फोन सोपा पडेल."

"मग दोन्ही खिडक्या त्या क्रमांकाने जोडा."

मालकीणबाई कारागिरासमोर गेल्या. "चुकलं माझं. राहाल ना?"

"राहीन. पण जावईबापूंना सांगा, काचा घासायला येऊ नका."

जावयासकट सगळे हसले. त्याने जोडणी बदलली, कारागिराने सुनेचा तपशील पुन्हा उघडला आणि नव्या काचा घासल्या.

दुपारी सून आली. चष्मा लावून अक्षरांच्या तक्त्यासमोर बसली. तक्त्यावर अकरा ओळी होत्या. तिने दहा वाचल्या. अकरावी मामांच्या ठणठणीत डोळ्यांनाही वाचता आली नाही.