एकाच ताग्यातले दोन कोट

बसा. वीज रोजच्यासारखी गेलीय, कंदील जरा जवळ ओढतो. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय निखळलाय, इकडं बाकावर या. तुम्ही त्याच्यावर पुस्तक लिहिताय म्हणे. लिहा, लिहा. या दुकानात जो येतो तो त्याच्यासाठीच येतो. पँट लहान करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी भिंतीवरच्या फोटोपुढं उभं राहतं, डोळे पुसतं, आणि मग माझ्यावर खेकसतं की कालचा वायदा होता, पँट कुठाय.

मी थोरला, तो धाकटा. माझं नाव विचारू नका, कुणीच विचारत नाही. मुलीच्या सासरीही माझी ओळख 'हुतात्म्यांचे भाऊ' अशीच करून देतात. बाविसाव्या वर्षी तो फासावर गेला आणि तिथंच थांबला. केस काळेभोर, छाती भरलेली, दात सगळे जागच्या जागी. आणि मी त्याच फोटोखाली बसून म्हातारा झालो. स्पष्टच सांगतो, जळत होतो मी त्याच्यावर. जिवंत भावाशी भांडता तरी येतं हो. मेलेल्याचं काय करायचं?

ही समोरासमोर दोन मशिनं दिसतायत ना, आमच्या वडिलांनी घेतलेली. या मशिनवर मी बसायचो, त्या झाकलेल्या मशिनवर तो. तो डावरा होता. वडिलांनी पट्टीनं बोटं सुजवली त्याची, पण सुई काही उजव्या हातात गेली नाही. त्यामुळं त्याची तुरपाई नेहमी उलट्या बाजूला झुकायची. गिऱ्हाइकाला कळत नाही ते, पण आम्ही लांबून ओळखायचो की हा टाका कुणाचा. धंद्यातल्या माणसाचं अक्षरच असतं ते.

त्याचे उद्योग मला कुणी सांगितलेच नाहीत. गिऱ्हाइकांच्या कोटांच्या अस्तरात तो पत्रकं शिवून पाठवायचा. एकदा तर सरकारी वकिलाच्या पाठीवरूनच बंडाची पत्रकं कचेरीत पोचवली. तिथला शिपाई यांच्या गटातलाच होता, त्यानं कोट झटकायच्या निमित्तानं अस्तर उसवलं आणि सगळी वाटून टाकली. वकील बिचारा महिनाभर माझ्याशी हुज्जत घालत होता की अस्तर इतकं कच्चं कसं शिवलं. मागच्या खोलीत यांची पोरं जमायची, हसायची, कुजबुजायची, आणि मी आत गेलो की सगळे एकदम गप्प. पकडला जाईल याची भीती वाटायचीच. पण खरं सांगू का, आपल्याला कुणी विचारत नाही, हे त्याहून जास्त सलायचं.

मग त्याचं लग्न ठरलं. कुणाशी, तर माझ्या आत्ताच्या बायकोशी. हो, असे डोळे मोठे करू नका. मी कौतुकानं गर्द निळ्या कापडाचा अख्खा तागा आणला आणि दोघा भावांचे कोट एकाच ताग्यातून कापले. ट्रायलच्या दिवशी तो कच्च्या टाक्यांचा कोट घालून या आरशापुढं उभा होता, आणि मी तोंडात टाचण्या धरून खाली बसलो होतो. आदल्या दिवशी भर रस्त्यात गोऱ्या साहेबावर गोळी झाडून आलेला हा माणूस माझ्यापुढं शांत उभा राहून माप देत होता, आणि मला पत्ता नव्हता. पोलीस आत शिरले. त्यानं हात वर केले तसा काखेतला टाका तटकन तुटला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, माया जरा जास्त सोड हं."

तेवढंच बोलला. माया म्हणजे शिवणीच्या आत आम्ही जादा कापड ठेवतो ना, पुढं अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून, ते.

तुरुंगानं तो कोट घडी करून परत दिला. आई म्हणाली, पोराचा कोट अर्धवट ठेवू नकोस. मी पूर्ण केला. त्यातला एकूण एक टाका माझ्या हातचा आहे, हे तेवढं लक्षात ठेवा.

पुढं थोरांनी बसून ठरवलं आणि तिचं माझ्याशी लग्न झालं. संसार चांगला झाला, नाही म्हणत नाही. पण नवऱ्याच्या धाकट्या भावाला बायका भाऊजी म्हणतात की नाही? हिनं कधी म्हटलं नाही. "त्यांचा फोटो पुसते." "त्यांचा कोट काढते." त्यांचा! दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला तो कोट सभेत मांडायला जातो. ही आदल्या दिवशी तो कपाटातून काढायची, ब्रश फिरवायची आणि मग मांडीवर घेऊन बसून राहायची. शिवणीवरून बोट फिरवत. मी इथून, मशीन चालवत, सगळं बघायचो आणि सुया मोडायचो. त्या कोटाला मी इतक्या वर्षांत हात लावला नाही.

माझा कोट मात्र मी त्या सभेला घालायचो, आणि दर वर्षी तो मला ढिला व्हायचा. डॉक्टर म्हणतात, काही नाही, वय झालं. मग मी टीप थोडी आत घ्यायचो आणि घालायचो.

यंदा हेडमास्तर आले. स्मारक समितीचं सगळं तेच बघतात. म्हणाले, "कोट आता काचेच्या पेटीत कायमचा ठेवायचाय. जरा नीटनेटका करून द्या. तुमच्याच हातचा आहे ना?"

ही बहिणीकडं गेली होती, संध्याकाळी यायची होती. बाहेर लख्ख ऊन होतं. मी कपाट उघडलं.

डांबरगोळ्यांचा वास येईल असं वाटलं होतं. वास आला तो घामाचा. ताज्या घामाचा, उन्हातून चालून आलेल्या माणसाच्या मानेला येतो तसा. मी कोट टेबलावर पसरला. कोपरं घासून चकाकत होती. पोटावरच्या बटणाभोवती कापड ओढलं गेलं होतं, काज फाकलं होतं. सवयीनं मी टेप लावला आणि हात थांबला. त्याचं खाकी कागदावर कापलेलं माप अजून खिळ्याला आहे, ते बघा. ते काढून मी कोटावर ठेवलं. चारी बाजूंनी कोट बाहेर आला.

मी आतून उलटा केला. बाजूची शिवण उसवून बाहेर सोडलेली होती. जुन्या टिपेची भोकं कापडात राहतात. तिथं एकीशेजारी एक, अशा कितीतरी ओळी होत्या. जणू दर वर्षी एक. हा बाविशीतल्या पोराचा कोट नव्हताच. खाऊनपिऊन सुखी असलेल्या, माझ्या वयाच्या माणसाचा कोट होता तो. आणि गंमत सांगू? एवढी माया मी मुळात सोडलीच नव्हती. कापड आलं कुठून?

पण तेव्हा माझं डोकं तिकडं गेलंच नाही. मला दिसली ती फक्त बायको. तिलाही सुई चालवता येते. म्हटलं, वा! म्हणजे बाई माझ्या घरात बसून त्याला म्हातारा करतेय. माझ्यासोबत संसार, आणि त्याच्यासोबत वय! अंगाची नुसती लाही झाली. मी मोठी कात्री घेतली. शिवणी उसवल्या, कागदाच्या मापावर खडू मारला, आणि बाहेरचं सगळं कापड कापून टाकलं. मायेचा एक धागा ठेवला नाही. "राहा आता तिथंच," मी मोठ्यानं म्हणालो. "बाविशीतच राहा."

आणि समोरच्या मशिनचं चाक फिरलं. एवढंसं. झाकण घातलेल्या, गंजून आवळलेल्या मशिनचं. कर्र… आणि थांबलं.

वाऱ्यानं असेल, म्हटलं. वारा नव्हता. मी टिपा मारत राहिलो आणि उजेड कधी गेला ते कळलं नाही. ही कंदील घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा टेबलावरच्या निळ्या पट्ट्या तिला दिसल्या.

"अहो… हे काय केलंत?"

"जे तू करत होतीस, ते निस्तरलं," मी म्हणालो. "दर वर्षी उसवून मोठा करत होतीस ना? मांडीवर घेऊन?"

ती हळूच खाली बसली.

"मला वाटायचं… तुम्ही करता."

"मी?"

"मी झोपल्यावर. कोट दर वर्षी जरा मोठा झालेला असायचा. मला वाटायचं, धाकटा भाऊ मागं राहू नये म्हणून तुम्हीच करत असाल. तोंडानं कधी बोलत नाही, पण माया आहे यांच्या पोटात… म्हणून तर मी ती शिवण बघत बसायची." तिनं टेबलावरची एक निळी पट्टी उचलली. "त्या कोटावर नव्हे हो. तुमच्या हातावर जीव होता माझा."

जन्मभर ज्याचा हेवा केला ते माझंच होतं, आणि मला आत्ता कळत होतं, हातात कात्री असताना.

"मग…" ती कुजबुजली, "तुम्ही नाही… मी नाही…"

कोटाचा खालचा काठ तेवढा मी अजून उसवला नव्हता. तो मी कंदिलापाशी धरला. तुरपाई बारीक होती, देखणी होती. आणि उलट्या बाजूला झुकलेली होती. मी तिला बोलून दाखवलं नाही. ती शिंप्याच्या घरात नांदलीय, तिला दिसलं.

"ते तुकडे परत जोडा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता…"

"जोड दिसेल."

"दिसू दे. जोडा…"

मी नाही जोडले. भीती वाटत होती, पण आत कुठंतरी गारही वाटत होतं. तो पुन्हा बावीस वर्षांचा झाला होता. आता तिच्या बरोबरीनं म्हातारा होणारा मी एकटाच.

दुसऱ्या दिवशी कोट पेटीत गेला. हेडमास्तरांनी भाषणात 'चिरतरुण' हा शब्द इतक्यांदा वापरला की पोरं हसायला लागली. ही माझा हात धरून बसली होती, चारचौघांत, पहिल्यांदाच. मी सुखात असायला हवं होतं. पण माझा कोट मला होत नव्हता. दर वर्षी ढिला होणारा कोट त्या सकाळी खांद्यातच अडकला. बटणं लावणं दूरच, मी तो उघडाच घालून गेलो होतो. घरी येऊन आतून उलटा केला. बाजूच्या शिवणी आत घेतलेल्या, खाकी कागदाच्या मापावर, बरोब्बर. आणि माया छाटलेली. मी त्याची छाटली होती तशीच, अगदी काठापर्यंत.

तुम्ही म्हणाल, कोट फेकून का देत नाही. दिला होता. सकाळी पुन्हा खुंटीला होता. मग म्हटलं, घालून तर बघू. पहिल्या दिवशी एकच बटण लागलं. मग खालचं. आज सगळी लागली, श्वास न रोखता. हा काय, अंगात आहे तोच.

परवा तिन्हीसांजेला मी आरशापुढं उभा होतो. ही मागून आली. आरशात माझ्याकडं बघितलं आणि तिथंच थबकली. तिनं कंदील वर उचलला.

"भाऊजी…" ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. "भाऊजी… हे कुठायत?"

मी 'अगं, मीच' म्हणेपर्यंत ती निघून गेली होती. बहिणीकडं आहे. परत येते म्हणाली नाही.

आता तुम्हीही तेच करताय. मघापासून फोटोकडं बघताय, मग माझ्याकडं, मग पुन्हा फोटोकडं. लिहा ना, थांबलात का? बरं, ते राहू द्या, तुमची नजर तरुण आहे, एक काम करा. कंदील खाली धरा. हा माझ्या कोटाचा काठ. तुरपाई कुठल्या बाजूला झुकलीय, दिसतंय ना? तुम्ही आलात तेव्हा ती इथवर होती, खिशाच्या खालपर्यंत. आता बघा कुठं आलीय. दोरा अजून तोडलेला नाही, लोंबतोय. सुईत ओवायच्या आधी आम्ही दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करतो, ठाऊक असेल तुम्हाला. मी आज सुईला हात लावलेला नाही.

ते टोक जरा चिमटीत धरून बघा… ओलं आहे ना?