चाळिसावी लाट

मेंदूच्या लाटा टिपणाऱ्या भाकीत-आलेखकाची टोपी डोक्यावर बसली आणि इंदुमतीने पहिलाच प्रश्न विचारला, की या खोलीत तो बारीक आवाज कसला येतोय?

तंत्रज्ञ अन्वर मुजावर बुचकळ्यात पडला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने भिंतीला कान लावला, तेव्हा पलीकडच्या शीतकपाटाची घरघर सापडली. सहा वर्षं तो याच खोलीत बसत होता.

"सवय झाली, काकू," तो ओशाळून म्हणाला.

"नशीबवान आहात," इंदुमती म्हणाली. शेजारणीच्या नव्या पाटल्यांकडे बघावं, तसा तिचा सूर होता.

दोन महिन्यांपूर्वी, एकसष्टाव्या वर्षी, तिला कळलं होतं की आपण स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहोत. तेव्हापासून ती आयुष्य सुपात घेऊन पाखडत बसली होती. शाळेत घंटा वाजली की ती कान झाकायची. बाई म्हणायच्या, होईल सवय. लग्नात शालूची जरतारी किनार मानेवर करवतीसारखी फिरली. सासूबाई म्हणाल्या, होईल सवय. सवय ही कुणी लांबची पाहुणी असावी, तशी इंदुमती वाट बघत राहिली. उंबरा सारवला, रांगोळी घातली, पाहुणी काही आली नाही.

पर्समध्ये एक अर्ज होता. पन्हाळ्याच्या पायथ्याशी 'निवांत वसाहत' निघाली होती. जाड भिंती, एका माणसाची खोली. सवय येणारच नसेल, तर सोमवारी तो अर्ज टाकायचा असं तिने ठरवलं होतं. नवऱ्याला, दिनकररावांना, तिने ते सांगितलंही होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं.

आज शुक्रवार. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत डॉक्टर मृण्मयी शहापुरे दोघांना समजावून सांगत होत्या.

"मेंदू म्हणजे कुडमुड्या जोशी. पुढचा आवाज काय येणार ते आधीच सांगून मोकळा होतो. खरं निघालं की गप्प बसतो. म्हणून पहिल्या ठोक्याला मोठी लाट उठते, दहाव्याला बारकी, विसाव्याला जवळपास सपाट. या उताराला आम्ही सवयरेषा म्हणतो."

"आणि माझा जोशी?"

"तो बहुतेक सांगतच नाही. दर ठोक्याला स्वतः उठून दार उघडायला जातो. सगळ्याच स्वमग्न माणसांचं असं नसतं. तुमचं आहे का, तेच बघायचंय."

इंदुमतीला हे फारच आवडलं. तिने विचारून विचारून डॉक्टरांना भंडावलं. वासाचंही असंच असतं का? दारचा पारिजातक तिला रोज पहिल्यांदा भेटल्यासारखा वाटायचा, आणि हे सांगितलं की जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. डॉक्टरांनी ते वहीत टिपून घेतलं.

चाचणी सोपी होती. इंदुमतीने काचेपलीकडे बसायचं, एकेक आवाज चाळीस वेळा ऐकायचा. पडद्यावर निळी रेषा कानाची, तांबडी दुखण्याची. पाण्याच्या थेंबाला इंदुमतीची निळी रेषा चाळीस वेळा सारखीच उठली, तांबडी निजून राहिली. स्टीलची ताटली आपटली, तेव्हा दोन्ही उठल्या आणि खाली यायचं नावच घेईनात.

शेवटचा आवाज घरातला, रोज ऐकलेला. तो दिनकररावांनी आधीच नोंदवून दिला होता. लग्नघरात ही मुलगी ना हसली ना रडली, तेव्हा त्यांनी कौतुकाने तिचं एक नाव ठेवलं होतं. अडतीस वर्षं रोज सकाळी चहा घेऊन ते खोलीच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "काय दगडोबा, उठलात का?"

"ही रेषा पाटासारखी सपाट येणार बघा," ते पडद्यासमोर बसत म्हणाले. "तिच्या मनाला लागतच नाही ते. इतक्या वर्षांत एकदा मान वर करून बघितलं नाही तिने."

काचेपलीकडे त्यांचाच आवाज वाजला. निळी रेषा उठली. तिच्या मागोमाग तांबडी उठली, ताटलीच्या वेळी उठली होती तेवढी.

"पहिली आहे," दिनकरराव म्हणाले.

दहावी तेवढीच आली. विसावीही. अन्वरने चाळिसावी लाट उचलून पहिलीवर ठेवली. भाकरीवर भाकरी बसावी तशी ती बसली. काचेपलीकडे इंदुमती मांडीवर हात ठेवून बसली होती. चेहरा नेहमीचाच.

"पण अडतीस वर्षं ऐकलंय तिने हे," दिनकरराव म्हणाले.

"नाही, काका," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "काकूंनी ते रोज पहिल्यांदा ऐकलंय."

दिनकरराव गणिताचे मास्तर. अडतीस गुणिले तीनशे पासष्ट, असा गुणाकार डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि जन्मात प्रथमच त्यांनी तो अर्ध्यावर सोडला.

इंदुमती बाहेर आली, तांबड्या रेषेवरून बोट फिरवत राहिली. एखादं हरवलेलं भांडं माळ्यावर सापडावं, तशी ती बघत होती.

"म्हणजे हे होतं होय," ती म्हणाली. "मला वाटायचं, सकाळचा उजेडच टोचतो."

शनिवारी दिनकरराव चहा घेऊन दारात आले, थांबले, कप ठेवून गेले. रविवारीही तसंच. इंदुमतीने त्या न बोललेल्या पावलांकडेही कान दिला. दोन्ही दिवशी ती पावलं वेगवेगळी थांबली होती.

सोमवारी अर्जाची पर्स बाहेर काढून ठेवलेली होती. दिनकरराव दारात आले, घसा खाकरला.

"इंदू, चहा आणलाय."

तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"उद्या दुसरं काही शोधतो," ते घाईने म्हणाले. "रोज नवं काहीतरी म्हणेन."

"नको," इंदुमती म्हणाली. "रोज हेच म्हणा. नवं माझं मी करून घेईन."