चौदा पूर्णांक सहा

त्या दिवशी तुळजाची प्रॅक्टिकलची जोडीदार मंदा आली नाही, म्हणून सरांनी तिला केसरीनाथच्या टेबलावर धाडलं. नाहीतर पूर्णा गावच्या त्या उंचाड्या पोराशी तिची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

सत्त्याऐंशीचा डिसेंबर, भिवंडीतल्या कॉलेजची गारठलेली प्रयोगशाळा. काम साधंच होतं. कॅलरीमीटरच्या काचपात्रात आम्ल घ्यायचं, त्यात अल्कली ओतायचं आणि किती उष्णता निघाली ते मोजायचं. पण भिंतीपलीकडे लूमचा कारखाना! खटक-खटक सुरू झालं की टेबल थरथरायचं आणि पात्र घसरत कडेला यायचं.

"मी धरतो ना," केसरीनाथ म्हणाला. "तू नुसती बघ."

"कुणाकडे?"

"थर्मामीटरकडं गं! मी कुटं काय बोल्लो..."

तुळजाने हसू दाबलं. पारा बावीसवरून एकोणतीस पूर्णांक तीनवर चढला. हिशेब आला चौदा पूर्णांक सहा किलोकॅलरी. तिने तोच लिहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचं जर्नल टेबलावर आपटलं.

"पुस्तकात तेरा पूर्णांक सात आहे. उष्णता बाहेर जाते, म्हणजे आकडा कमीच यायला हवा. जास्तीची कुठून आली? आकडे रचता येत नसतील तर रचू नयेत. सही मिळणार नाही!"

सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. तुळजाची कानशिलं तापली. सगळा वर्ग पुस्तकातला आकडा थोडा कमी करून उतरवतो, हे सरांना काय ठाऊक नव्हतं? चोर सोडून संन्याशाला सुळी!

त्यावर कडी म्हणजे केसरीनाथचं जर्नल. तोच प्रयोग, तेच टेबल, आणि आकडा तेरा पूर्णांक दोन. खाली लाल शाईत 'छान'.

तिने त्याला कँटीनच्या पायऱ्यांवर गाठलं.

"लाज नाही वाटत? एकच पारा पाहिला ना आपण?"

"जास्ती आला ना गं... सर वरडतील म्हनून जरा कमी केला."

"जरा! आणि खोटारडी मी ठरले! माझे बाबा पोस्टमन आहेत. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही आणि स्वतः खोटं लिहायचं नाही, हे शिकवलंय त्यांनी मला."

तो मान खाली घालून तळवे चोळत बसला. तुळजाची नजर त्या तळव्यांवर अडकली.

"थांब... पात्र कसं धरलं होतंस?"

"आसं." त्याने ओंजळ केली.

"पूर्ण वेळ?"

"मंग! सोडलं आसतं तर फुटलं आसतं."

"अरे मठ्ठ माणसा! तुझ्या हातांची ऊब मोजली मी!"

केसरीनाथ कानापर्यंत लाल झाला. "आधी गारच होते गं हात... तू समोर वाकलीस, तवा तापले."

तुळजाला हसू फुटणार होतं, पण राग मोठा होता. ती पाय आपटत निघून गेली.

पुढच्या प्रॅक्टिकलला ती आली तेव्हा केसरीनाथ सरांसमोर उभा होता.

"तिचा आकडा खरा हाय, सर. माझाच रचलेला हाय. ही सही खोडा."

सरांनी रागारागाने सही खोडली. "दोघं पुन्हा करा. आत्ता, माझ्यासमोर!"

केसरीनाथने पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. शेजारच्या कारखान्यातून मागून आणलेलं वाया गेलेलं सूत तिच्यात गच्च भरलं होतं. पात्र त्यात बसवलं. टेबल थरथरलं, पण पात्र हललं नाही. आणि तो? शिक्षा झाल्यासारखे हात पाठीमागे बांधून उभा!

तेरा पूर्णांक चार. सरांनी मुकाट्याने दोघांना सही दिली. चुकलो म्हणाले नाहीतच.

"सर, जुन्या पानावरही सही हवी," तुळजा अडून बसली. "तो आकडा खोटा नव्हता. खाली कारण लिहिलंय."

सरांनी चष्मा सावरून वाचलं, 'जास्त उष्णतेचे कारण : सहकाऱ्याचे हात.' ते खोकले... आणि सही केली.

बाहेर आल्यावरही केसरीनाथचे हात पाठीमागेच होते.

"आता सोडू का गं?"

तुळजाने आपला हात पुढे केला.

"धर. इथं काही मोजायचं नाहीये."