गारपगाऱ्याची जागा

कंदील बारीक कर रे पोचू, डोळ्यावर येतो. आणि मध्ये कोणी हसायचं नाही. ज्यांच्यावर हे गुजरलं ते गुणवंतराव माझे मावसभाऊ, चांद्यातच राहतात. खोटं वाटलं तर सकाळी जाऊन विचारा.

गुणवंतराव आणि त्यांचा साळा भैयाजी, दोघांनाही वादळाचं भारी वेड. काळा ढग दिसला की लोक घरात शिरतात, हे सायकली काढून त्याच्यामागे! वारा कुठून फिरला ते बघायचं, किती वेळ गार पडली ते भैयाजीच्या मनगटी घड्याळात धरायचं. चोपन्न सालची होळी नुकतीच झाली होती. शनिवारी दुपारी मूल गावाकडे आभाळ काळंनिळं झालं, तसे दोघे निघाले. गुणवंतरावांची बायको आशाबाई दारापर्यंत आली.

"भैयाजीले सांभाळून आणजा जी. एकच भाऊ हाये मले."

अंधार पडता पडता चिचपल्लीच्या पुढे एका शेताच्या उंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते चढले. तिथून सगळं आभाळ दिसत होतं. धुऱ्यावर एक लोखंडी त्रिशूळ रोवलेला. शेताचा मालक इस्तारी बैल हाकत घरी पळत होता, तो ओरडला, "तिथी नोका थांबू भाऊ! गारपगाऱ्याची जागा हाये!"

गारपगारी म्हणजे गावावर आलेली गार मंत्र म्हणून परतवणारा माणूस. या गावचा गारपगारी तिथेच, गारेसमोर उभा असताना मेला होता.

"मेला ना? मंग?" भैयाजी हसला. "भाऊजी, लोखंड वीज ओढते. उपटून फेकतो."

त्याचं काही चुकत नव्हतं, शाळेतही हेच शिकवतात. त्यानं त्रिशूळ हलवून हलवून काढला आणि खाली भिरकावला.

वारा थांबला.

मग अगदी जवळून कोणीतरी बोललं.

"माह्या जागी आता कोन उभं राह्यते?"

भैयाजीनं सदरा काढला. त्रिशूळाच्या खड्ड्यात पाय घातला. दोन्ही हात वर केले... ढगाकडे.

"भैयाजी..."

गुणवंतराव त्याच्याकडे धावले.

गार सुटली. लिंबाएवढी. गुणवंतरावांनी त्याला कमरेला धरून ओढलं. हलेना. वीज चमकली... भैयाजीच्या खांद्यावर एक हात होता. काळा. हाडकुळा. तो त्याला दाबत होता... खाली.

"सोड त्याले! सोड..."

तेवढ्यात गुणवंतरावांच्या डोक्यात गार बसली.

पहाटे इस्तारीनं हलवून उठवलं. धुऱ्याच्या अलीकडे सगळं गारांनी पांढरं. पलीकडे गावचा गहू जसाच्या तसा उभा. भैयाजी कुठेच नाही. पुढे लोकांनी जंगल पालथं घातलं, हाती काही लागलं नाही. आशाबाई अजून गुणवंतरावांशी बोलत नाही.

पण त्या पहाटे गुणवंतरावांनी जे पाहिलं, ते त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं.

फेकलेला त्रिशूळ परत खड्ड्यात उभा होता. आधीपेक्षा खोल. दांड्यावर भैयाजीचं घड्याळ. पट्टा आवळून लावलेला. ते सोडवायला त्यांनी दांडा धरला...

रात्रभर गारांत उभं असलेलं ते लोखंड... ऊन होतं. अंगासारखं.