करकोच्यावरचा आळ

“हाच चोर! आत्ताच्या आत्ता गाडीत घाला याला!” पिंजऱ्यासमोर उभे राहून मामा गरजले.

आत करकोचा एका पायावर शांत उभा होता. त्याचं नाव साहेब. पंख दुखावला म्हणून तो मामांच्या छोट्याशा प्राणिघरात आला होता. आता गाडीवाले काका त्याला लांबच्या तळ्यावर सोडणार होते. उडता न येणारा साहेब तिथे कोल्ह्याच्याच तोंडी गेला असता!

“पण चोरलं काय त्याने?” सुट्टीला आलेल्या चष्मेवाल्या भाच्याने, ढापण्याने, विचारलं.

“माझी ठिपकी! काल पेटीत होती, आज गायब. शेजारी कोण? हा लांबचोच्या!”

ठिपकी म्हणजे सॅलमँडर. काळ्या अंगावर पिवळे ठिपके. दिसायला पालीसारखी, पण गोत बेडकाचं.

ढापण्याच्या ताईने भुवया उंचावल्या. “मामा, तिची पेटी इथे उन्हात कुणी आणली?”

“मीच! साहेब बघ कसा उन्हात खूश असतो. म्हटलं, बिचारीलाही मिळू दे थोडी ऊब.”

“अहो, साहेबाच्या अंगात पिसांचा कोट आहे! तिची कातडी उघडी नि ओली. उन्हात वाळून काटकी होईल तिची! आणि झाकण?”

“हवा लागावी म्हणून जरासं... उघडं,” मामा पुटपुटले.

“म्हणजे ती पळाली!” ढापण्या ओरडला.

त्यांची धाकटी बहीण पिटुकली केव्हाच माग शोधत रांगत निघाली होती. “चिखलाची इवली पावलं! पिंजऱ्याकडे नाही, धुण्याच्या खोलीकडे गेलीत!”

सगळे धावले. खोलीत पाणी साचलेलं. मामांनी घाईघाईने कोपऱ्यातला रबरी बूट ओढला.

“थांबा! पाय घालू नका!” बुटावरची चिखलाची पावलं पाहून तिघंही किंचाळली.

मामा एका पायावर लटपटत उभे राहिले. थेट करकोचाच! ताईने बूट हळूच कलता केला. आतल्या गार, ओल्या अंधारात ठिपकी आरामात बसली होती.

“मामांच्या बुटात राहिली? शूर आहे हं!” ढापण्या म्हणाला.

“मग गाडी रिकामीच नेऊ?” गाडीवाले काका म्हणाले.

“कशाला? यांना बसवा,” गोंधळ ऐकून आलेल्या मामींनी मामांकडे बोट दाखवलं. मग मुलांच्या पाठीवर थाप मारली. “शाबास रे पोरांनो! साहेबाचा जीव वाचवलात!”

मामांनी पिंजऱ्यासमोर हात जोडले. “चुकलो, साहेब!”

साहेबाने चोच वाजवली. कट्-कट्-कट्!

“काय म्हणतोय?” मामांनी विचारलं.

“म्हणतोय, माफी राहू दे,” पिटुकली म्हणाली, “आधी पेटी सावलीत ठेवा!”