तेवीस भुंगे आणि एक टाकी

गच्चीवर पंख नसलेले तेवीस परागभुंगे होते, भिंगाविना एक दुर्बीण होती, अर्धवट जोडलेली दोन हवामानयंत्रं होती आणि एक भिंत खांद्याच्या उंचीपर्यंतच पिवळी रंगवलेली होती. अकरा वर्षांच्या ऋजुताने सगळं दोनदा मोजलं. पूर्ण झालेली वस्तू एकही नव्हती.

परागभुंगा म्हणजे या फुलावरून त्या फुलावर पराग नेणारं बोटभर यंत्र. सांगलीत आता घरोघरी गच्चीवर भाजी पिकते, त्यामुळे भुंग्यांना मोठी मागणी. ऋजुताचा दिगूमामा ते बनवण्यात पटाईत. हा सगळा पसारा त्याने चैत्रात आठ-दहा दिवसांत मांडला होता. आता श्रावण आला होता आणि तोच मामा खाली भिंतीकडे तोंड करून पडून होता. गप्पा नकोत, आवडती मटकीची उसळही नको. तो मामा आणि हा मामा एकच कसा, हे कोडं काही सुटत नव्हतं.

"इतक्या पायऱ्या! माझ्या चाकांचा कुणी विचार केलाय का?" दारातून आवाज आला. तो ठोकळा होता, आरोग्यकेंद्राचा घरोघर फिरणारा यंत्रमानव. डॉक्टर मुजावर उद्यापासून मामाला औषध सुरू करणार होत्या, म्हणून खाली मामाची नाडी तपासून तो वर आला होता.

"ठोकळ्या, मामा आळशी झालाय का रे? शेजारचे शिंत्रेकाका म्हणतात, दोन चकरा मारल्या की होईल बरा."

"पाय मोडलेल्या माणसालाही ते हेच सांगतात का, ताई?"

"ताई काय म्हणतोस? मी अकरा वर्षांची आहे."

"मी दोन वर्षांचा आहे, ताई." ठोकळ्याने चाकं पुसली. "वाईट सगळ्यांनाच वाटतं आणि ते जातंही. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ दिवसभर मन उदास राहिलं, आवडीचं काही आवडेनासं झालं, झोप, भूक, ताकद बिघडली, तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, आळस नव्हे. त्यावर उपचार आहेत."

"मग चैत्रात मामा रात्री तीनच तास झोपायचा आणि तरी दमायचा नाही, ते काय होतं?"

ठोकळ्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला. "हे डॉक्टरांना सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. चैत्रात आईने मामाची मीठ-मोहरीने दृष्ट काढली होती आणि चांगल्या दिवसांची कुठे वाच्यता करायची नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. डॉक्टरांना तिने आषाढापासूनचं तेवढं सांगितलं. आनंदाची तक्रार कोण करणार?

ठोकळ्याने पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. "पाणी किती आहे?"

"तळाला."

"तळाला का गेलं, ते नुसतं बघून कळेल?"

"नाही."

"कदाचित पाणीच कमी येत असेल. किंवा पातळी सांभाळणारा तरंगता गोळा बिघडला असेल. तो उघडा अडकला की टाकी भरून वाहते, बंद अडकला की तळ गाठते. पण पाणी कमी येणारी टाकी आणि गोळा बिघडलेली टाकी, आज दोन्ही सारख्याच दिसतील."

"म्हणजे आधी कधी वाहिली होती का, ते विचारायला हवं!"

"शाबास! मन बरेच दिवस असं भरून वाहिलं, झोप नको, बोलणं थांबत नाही, एक काम अर्धवट टाकून दुसरं, तर त्याला उन्माद म्हणतात. एकाच माणसाला कधी उन्माद, कधी नैराश्य येत असेल, तर तो द्विध्रुवी विकार (दोन टोकांचा आजार)."

"औषधही वेगळं?"

"हो. तिथे नुसतं नैराश्याचं औषध दिलं, तर बिघडलेल्या गोळ्याच्या टाकीला मोठा नळ लावल्यासारखं होऊ शकतं. पातळी स्थिर ठेवणारं औषध लागतं. अर्थात, मेंदूत टाकी नसते, हे नुसतं उदाहरण. आणि निदान (आजार ओळखणं) डॉक्टरांचं काम, माझं नाही."

ऋजुता धडाधड पायऱ्या उतरली आणि चैत्रातलं सगळं डॉक्टरांना सांगायला हवं, असं दारातूनच ओरडली.

"अगं, हळू बोल!" आई दचकली. "चांगल्या दिवसांना दृष्ट..."

"सांगू दे तिला, अक्का." मामा भिंतीकडे बघतच म्हणाला. "तेव्हा अर्ध्या सांगलीला फुकट भुंगे कबूल केले होते मी. वाटत होतं, इतका बरा मी कधीच नव्हतो."

डॉक्टर मुजावरांनी ठोकळ्याच्या पडद्यावरून तासभर प्रश्न विचारले, मामालाही आणि आईलाही. मग उद्याचं औषध बदललं.

"औषधाचीही दृष्ट काढू का?" आईने हळूच विचारलं.

"जरूर काढा," डॉक्टर हसल्या, "पण रोजची गोळी दिल्यानंतर."

मार्गशीर्षात एका सकाळी मामा गच्चीवर आला. पसाऱ्यातून त्याने एकच भुंगा उचलला.

"आणि बाकीचे बावीस?" ऋजुताने विचारलं.

"पंख आहेत कुठे त्यांना? पळून जात नाहीत. पुढच्या आठवड्यात दुसरा घेऊ. स्क्रूड्रायव्हर दे."

रविवारपर्यंत पूर्ण झालेले भुंगे: एक. त्याने गाठलेली वांग्याची फुलं: चौदा. मामाची आदल्या रात्रीची झोप: सात तास दहा मिनिटं.